विक्रमवीर अविनाश साबळे : आपल्या शेजारच्या तालुक्यातला धावपटू



राष्ट्रीय क्रीडा दिनाच्या परिपाठात मी मुलांना अविनाश साबळेची माहिती सांगत होतो. "घरापासून शाळा सहा किलोमीटर. गाडीची सोय नाही. त्यामुळे तो लहानपणी रोज चालत, पळत शाळेत जायचा," असं मी म्हणालो, तेवढ्यात सहावीतला एक मुलगा मागच्या रांगेतून उठला. "सर, मी पण वस्तीवरून रोज पळतच येतो की. मग?"

सगळी पोरं हसली. मीही हसलो. पण खरं सांगायचं तर त्या "मग?" ला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेवढ्यात घंटा झाली आणि विषय तिथंच राहिला.

नंतर विचार केला, पोराचा प्रश्न बरोबर आहे. आपण थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगताना गरिबी सांगतो आणि एकदम पदक सांगतो. मधला भाग गाळून टाकतो. मुलांना मग वाटतं, आपणही गरीब आहोत, आपणही पळतो, मग आपलं काय चुकलं? म्हणून आजच्या पाठात तो मधला भाग बघू. अविनाश आपल्याच मातीतला, म्हणून मी त्याला "तो"च म्हणतो. आदर मनात आहेच.

जन्म आणि बालपण

अविनाश मुकुंद साबळे याचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ रोजी झाला. गाव मांडवा, तालुका आष्टी, जिल्हा बीड. म्हणजे आपल्या शिरूर कासारच्या अगदी शेजारचा तालुका. तीच बालाघाटाच्या डोंगराकडची हलकी जमीन, तोच कमी पाऊस. घरची परिस्थिती बेताची. आई-वडील शेती करायचे आणि वीटभट्टीवर कामाला जायचे.

वीटभट्टी काय असते ते आपल्या मुलांना सांगावं लागत नाही. दिवाळी झाली की आपल्याकडची किती घरं कुलूपबंद होतात! कुणी भट्टीवर, कुणी उसाच्या फडात. अविनाश शाळेत टिकला. बारावीपर्यंत शिकला. या वाक्यावरून आपण पटकन पुढं जातो, पण त्याच्या पुढच्या सगळ्या गोष्टीचा पाया हाच आहे. तो बारावी झाला म्हणून पुढची वाट उघडली.

सैन्यात भरती

बारावीनंतर अविनाश भारतीय सैन्यात भरती झाला. महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये तो जवान होता. २०१३-१४ मध्ये त्याची नेमणूक सियाचीनला होती. तिथं बारमाही बर्फ. नंतर राजस्थानच्या वाळवंटात आणि पुढं सिक्कीममध्ये.

लक्षात घ्या, तोपर्यंत तो काही नावाजलेला खेळाडू नव्हता. बंदूक घेऊन उभा राहणारा साधा जवान होता. २०१५ मध्ये तो सैन्यातल्या क्रॉस कंट्री शर्यतींत उतरला. क्रॉस कंट्री म्हणजे माळरानातून, चढउतारावरून लांब पळायची शर्यत. तेव्हा त्याचं वय होतं वीस-एकवीस.

पुढं दुखापत झाली, पळणं थांबलं आणि वजन वाढलं. मग त्यानं तीन महिन्यांत सुमारे २० किलो वजन उतरवलं. सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याची चिकाटी पाहिली आणि २०१७ मध्ये त्याला एक वेगळी शर्यत धरायला सांगितली. तिचं नाव ३००० मीटर स्टीपलचेस.

स्टीपलचेस म्हणजे काय?

स्टीपल म्हणजे चर्चचा उंच, निमुळता मनोरा. पूर्वी आयर्लंडमध्ये घोडेस्वार एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत शर्यत लावायचे. वाटेत दगडी बांध, कुंपणं, ओढे आडवे यायचे. ते घोड्यावरून ओलांडायचे. पुढं माणसं तशीच पळायला लागली आणि त्यातून ही शर्यत तयार झाली. आपल्या भाषेत सांगायचं तर बांधावरून उड्या मारत, ओढा ओलांडत शिवार पार करायचं.

आता तीच शर्यत मैदानावर होते. नियम असे :

१) अंतर ३००० मीटर, म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाच्या साधारण साडेसात फेऱ्या.
२) साधे अडथळे २८ वेळा आणि पाण्याचा अडथळा ७ वेळा. एकूण ३५ उड्या.
३) पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, महिलांसाठी ७६.२ सेंटिमीटर.
४) पाण्याच्या अडथळ्यापुढं ३.६६ मीटर लांबीचा खड्डा असतो. अडथळ्याजवळ तो खोल असतो आणि पुढं उथळ होत जातो. म्हणून जो लांब उडी घेतो त्याचे पाय कमी पाण्यात पडतात.

हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला की अडथळा पडतो आणि खेळाडू पुढं जातो. स्टीपलचेसमध्ये अडथळा जाडजूड लाकडी तुळईसारखा असतो. तो पडत नाही, माणूस पडतो. शिवाय इथं प्रत्येकाला वेगळी लेन नसते. दहा-पंधरा जण एकाच घोळक्यात येतात आणि एकाच तुळईवरून उड्या मारतात. पुढचा पडला तर मागच्याचं काही खरं नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर बूट ओले, पाय जड आणि दम लागलेला. तरी प्रत्येक वेळी उडीचं पाऊल अचूक पडावं लागतं.

मोठ्या मुलांनी "पानसिंग तोमर" हा सिनेमा पाहिला असेल. ते याच शर्यतीचे राष्ट्रीय विजेते होते आणि तेही सैनिकच. आपल्या महाराष्ट्राची ललिता बाबर हीसुद्धा स्टीपलचेसचीच धावपटू. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव. माणही आपल्यासारखाच दुष्काळी तालुका. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली.

विक्रमांची शिडी

आता मुख्य भाग. भारतात या शर्यतीचा पुरुषांचा विक्रम गोपाल सैनी यांच्या नावावर होता. वेळ ८ मिनिटे ३०.८८ सेकंद, साल १९८१, ठिकाण टोकियो. अविनाशचा जन्म १९९४ चा. म्हणजे तो जन्मला तेव्हा हा विक्रम तेरा वर्षांचा झाला होता!

२०१८ मध्ये जकार्ताला आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. त्या संघात अविनाशला जागा मिळाली नव्हती. घरी बसून रडायचं तर कारण होतं. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला राष्ट्रीय स्पर्धेत त्यानं सैनी यांचा ३७ वर्षांचा विक्रम मोडला. इथून पुढं त्यानं जे जे विक्रम मोडले ते स्वतःचेच. ही यादी वहीत उतरवून घ्या. पहिला आकडा मिनिटांचा, पुढचा सेकंदांचा.

१) सप्टेंबर २०१८, भुवनेश्वर : ८:२९.८०
२) मार्च २०१९, पतियाळा : ८:२८.९४
३) १ ऑक्टोबर २०१९, दोहा : ८:२५.२३
४) ४ ऑक्टोबर २०१९, दोहा : ८:२१.३७
५) मार्च २०२१, पतियाळा : ८:२०.२०
६) जुलै २०२१, टोकियो : ८:१८.१२
७) मार्च २०२२, तिरुवनंतपुरम : ८:१६.२१
८) जून २०२२, राबात (मोरोक्को) : ८:१२.४८
९) ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम : ८:११.२०
१०) जुलै २०२४, पॅरिस : ८:०९.९१

दहा पायऱ्या, सहा वर्षं. सैनी यांच्या वेळेतून अविनाशची शेवटची वेळ वजा केली तर २०.९७ सेकंद उरतात. म्हणजे एका पायरीला सरासरी दोन सेकंद. पहिल्या दोन विक्रमांत तर फरक एका सेकंदाचाही नाही, फक्त ०.८६ सेकंद.

एकवीस सेकंद म्हणजे काय, असं पोरं विचारतील. समजा दोघे एकाच शर्यतीत पळाले आणि आपापल्या विक्रमी वेळेत पळाले. अविनाश शेवटची रेषा ओलांडेल तेव्हा दुसऱ्याचं सुमारे १२३ मीटर अंतर बाकी असेल. पण हे १२३ मीटर एका दिवसात कमावलेले नाहीत. दर खेपेला थोडे थोडे कमावलेत.

आणखी एक हिशोब. ८:०९.९१ म्हणजे ४८९.९१ सेकंद. ३००० मीटरला भागून पाहा. दर १०० मीटरला साधारण १६.३ सेकंद पडतात. सोळा सेकंदांत १०० मीटर पळणारी मुलं आपल्या शाळेतही सापडतील. पण तसंच लागोपाठ तीस वेळा पळायचं, न थांबता, आणि मध्ये ३५ उड्या मारायच्या!

एक फूट मागे

६ ऑगस्ट २०२२. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. राष्ट्रकुल स्पर्धेची अंतिम फेरी. या शर्यतीत १९९८ पासून २०१८ पर्यंत सलग सहा स्पर्धांत सोनं, चांदी आणि कांस्य ही तिन्ही पदकं केनिया देशानंच नेली होती. दुसऱ्या कुणाला शिल्लकच ठेवलं नव्हतं. त्या दिवशीही पुढं केनियाचेच धावपटू होते आणि त्यांच्या मागं आपला अविनाश.

त्यानं एकेकाला गाठलं. केनियाचा अब्राहम किबिवोत पहिला आला, वेळ ८:११.१५. अविनाश दुसरा, वेळ ८:११.२०. फरक ०.०५ सेकंद. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. त्याच्या सरासरी वेगानं हिशोब केला तर हे अंतर होतं सुमारे ३० सेंटिमीटर. तुमच्या दप्तरातली फूटपट्टी बाहेर काढा आणि बाकावर ठेवा. सोनं आणि चांदी यांच्यात तेवढंच अंतर.

तरी ते रौप्यपदक किती मोठं होतं बघा. केनियाची चोवीस वर्षांची मक्तेदारी मांडव्याच्या एका पोरानं मोडली.

पुढच्या वर्षी, १ ऑक्टोबर २०२३ रोजी, चीनमधल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यानं ८:१९.५० अशी वेळ देत सुवर्णपदक जिंकलं. ती आशियाई स्पर्धेतली तोवरची सर्वांत वेगवान वेळ ठरली. या शर्यतीत आशियाई सुवर्ण मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष. त्याच स्पर्धेत ५००० मीटरमध्येही त्याला रौप्यपदक मिळालं. त्याआधी २०२२ मध्ये त्यानं ५००० मीटरचा बहादूर प्रसाद यांचा तीस वर्षांचा राष्ट्रीय विक्रमही मोडला होता. भारत सरकारनं त्याला अर्जुन पुरस्कार दिला.

हरलेल्या शर्यतीही वाचा

फक्त पदकं सांगितली तर गोष्ट अर्धीच होते.

२०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत पहिल्या फेरीत दुसरे धावपटू धडपडले आणि अविनाशची वाट दोनदा अडली. तरी त्यानं राष्ट्रीय विक्रम केला, पण अंतिम फेरीचं स्थान हुकलं. भारतीय संघानं रीतसर दाद मागितली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत घेतलं. तिथं तो तेरावा आला. पण तीनच दिवसांत त्यानं आपला विक्रम पुन्हा मोडला आणि टोकियो ऑलिंपिकचं तिकीट मिळवलं.

टोकियोत त्यानं पुन्हा राष्ट्रीय विक्रम केला. तरीही आपल्या गटात सातवा आल्यामुळं बाहेर पडला. म्हणजे बघा, आयुष्यातली सर्वांत चांगली शर्यत पळूनही माणूस बाहेर पडू शकतो. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेतही तो पहिल्याच फेरीत बाहेर गेला. पण दीड महिन्यानं हांगझोऊला सोनं जिंकलं.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीत पोहोचला. या शर्यतीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत जाणारा तो पहिला भारतीय पुरुष. तिथं अकरावा आला. त्याच शर्यतीत जागतिक विक्रमवीर, इथिओपियाचा लमेचा गिर्मा, शेवटच्या फेरीत अडथळ्यावर आपटला. त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. जगातला सर्वांत वेगवान माणूससुद्धा या तुळईवर पडतो.

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमी इथं अविनाशनं आशियाई अजिंक्यपद जिंकलं. आणि दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला. गुडघ्याला मोठी दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली.

आता त्या "मग?" चं उत्तर

बाळा, तू पळत येतोस हे चांगलंच आहे. पण शाळेला पळत यावं लागणं ही काही शाबासकीची गोष्ट नाही. ती गैरसोय आहे. गाडी असती तर अविनाशही गाडीनंच गेला असता, आणि तुलाही गाडी मिळायला पाहिजे. सहा किलोमीटर पायी जाणारी पोरं आपल्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ती सगळी ऑलिंपिकला गेली नाहीत. म्हणजे नुसत्या पळण्यानं ते होत नाही.

मग कशानं झालं? मला चार गोष्टी दिसतात.

पहिली, तो बारावीपर्यंत शाळेत राहिला.

दुसरी, सैन्यात त्याला पोटभर खाणं, पायात बूट आणि सरावाला वेळ मिळाला. ते मिळालं तेव्हा तो वीस वर्षांचा होता. तेच तुम्हाला दहाव्या वर्षी मिळालं तर काय होईल, हा प्रश्न आम्हा मोठ्या माणसांनी स्वतःला विचारायचा आहे.

तिसरी, ज्याला त्यातलं कळतं असा एक माणूस भेटला. त्यानं "तू हे कर" असं सांगितलं आणि अविनाशनं ते ऐकलं.

चौथी गोष्ट मात्र तुझ्या हातात आहे. अविनाशची वेळ प्रत्येक वेळी मोजली गेली. आज किती, मागच्या वेळी किती, फरक किती. आपण रोज पळतो, पण मोजत नाही. न मोजता पळालं की आपण पुढं सरकलो का तिथंच आहोत हे कळत नाही. अभ्यासाचंही तसंच आहे. एका मिनिटात किती शब्द वाचता आले, वीसपैकी किती गणितं बरोबर आली, हे लिहून ठेवलं तरच उद्याचा आकडा आजच्यापुढं नेता येतो.

हा मुलगा दरवर्षी दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर कारखान्यावर जातो आणि पाडव्याच्या आसपास परत येतो. मधले पाच महिने त्याच्या हजेरीच्या रकान्यात काय लिहायचं, ते आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. या वर्षी त्याच्या आजीशी बोलून त्याला मागं ठेवायचा प्रयत्न चालू आहे. हंगामी वसतिगृहाचा अर्जही भरलाय. सध्या त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर सहा आकडे आहेत. शाळेच्या मैदानाच्या चार फेऱ्यांची त्याची वेळ, दर शनिवारची. सातवा आकडा दिवाळीनंतरच्या शनिवारी लिहायचा, असं आमचं ठरलंय.

उपक्रम (शिक्षकांसाठी)

मैदानावर चार मुलांनी दोन दोऱ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर सैल धराव्यात, बांधू नयेत. पाय लागला तर दोरी लगेच सोडायची. बाकींनी एक फेरी साधी आणि एक फेरी दोऱ्यांवरून उड्या मारत पळावी. मोबाइलवर वेळ मोजून फरक फळ्यावर लिहावा. मुलांना एकमेकांशी स्पर्धा लावू नये. प्रत्येकाची तुलना त्याच्याच मागच्या वेळेशी करावी.

शब्दार्थ

बेताची – जेमतेम, साधारण
चिकाटी – काम न सोडता करत राहण्याची वृत्ती
मक्तेदारी – एकट्याचाच ताबा
दाद मागणे – अन्याय झाल्यावर न्याय मागणे
शिवार – गावाच्या शेतजमिनीचा परिसर

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
अ) अविनाश साबळे याचे गाव कोणत्या तालुक्यात आहे?
आ) स्टीपलचेसमध्ये एकूण किती उड्या माराव्या लागतात?
इ) २०१८ पूर्वीचा राष्ट्रीय विक्रम कोणाच्या नावावर होता?

प्र. २. विक्रमांची यादी पाहून उत्तरे द्या.
अ) लागोपाठच्या कोणत्या दोन विक्रमांत सर्वांत जास्त फरक आहे? किती सेकंदांचा?
आ) कोणत्या वर्षी त्याने तीन वेळा राष्ट्रीय विक्रम मोडला? (अशी दोन वर्षे आहेत.)
इ) ८ मिनिटे ९.९१ सेकंद म्हणजे एकूण किती सेकंद?

प्र. ३. कारणे लिहा.
अ) स्टीपलचेसचा अडथळा हर्डल्सच्या अडथळ्यापेक्षा धोक्याचा असतो.
आ) बर्मिंगहॅमचे रौप्यपदक विशेष मानले जाते.

प्र. ४. तुमचे मत लिहा.
"टोकियो ऑलिंपिकमध्ये अविनाश हरला." हे वाक्य तुम्हाला पूर्ण बरोबर वाटते का? पाच-सहा ओळींत लिहा.

प्र. ५. घरी करा.
तुमच्या घरापासून शाळेपर्यंतचे अंतर आणि लागणारा वेळ मोजा. आठवडाभर वहीत लिहा. ज्यांच्या वाटेत ओढा, घाट किंवा मोठा रस्ता आहे त्यांनी तेही लिहा. ती माहिती आपण ग्रामसभेत मांडणार आहोत.